रोमन चमचे आणि आमचं पातेलं

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

कुकर लावलाय, शिट्ट्या होईतो जमेल तेवढं लिहिते. शनिवारी फोन उचलला नाही तर शालूमावशीपासून बंड्यापर्यंत सगळ्यांना कामाला लावलंस! अगं, थेटफर्डला गेलो होतो, गावातलं म्युझियम बघायला. नॉरफकमधलं लहानसं गाव. स्वेटर घातला होता. दोघांनीही.

बंड्याने मुलगी नाकारली ती पोहे आवडत नाहीत म्हणून? त्याला म्हणावं, आधी आरशात बघ. आणि नानाकाका त्यावर काय बोलले ते तू फोनवर गाळलंस, ते सविस्तर कळव.

तर म्युझियम. १४९० च्या सुमाराचं, कुणा व्यापाऱ्याचं लाकडी घर आहे. १९२१ मध्ये प्रिन्स फ्रेडरिक दुलीपसिंगांनी ते गावाला देऊन टाकलं. बाबांना सांग, कोहिनूरवाल्या दुलीपसिंगांचा मुलगा. कोहिनूर तिथे नाही हेही सांग, नाहीतर विचारतील.

१९७९ मध्ये थेटफर्डला रोमन खजिना सापडला, त्याच्या प्रतिकृती तिथे आहेत; अस्सल माल अर्थातच लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये. अंगठ्यांपाशी मी फार रेंगाळले नाही, पण चमचे! खजिन्यात चांदीचे ३३ चमचे आणि ३ गाळणी निघाली, आणि चमच्यांवर चक्क नावं कोरलेली! काहींवर फाउनस नावाच्या देवाचं, काहींवर माणसांची. पंगत उठल्यावर वाट्या मोजणारी तूच डोळ्यांपुढे आलीस. कार्यात भांडी बदलतात म्हणून माझ्या पातेल्यावरही ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून दिलंस, 'सौ.'सकट. इथे ते कुणाच्या पातेल्याशी बदलणार होतं गं? तिथेच रडू फुटलं, रोमन चमच्यांपुढे. मंदारने तिथल्या बाईंना सांगितलं, हिला धुळीची ॲलर्जी आहे.

बाहेर टॉमस पेनचा सोनेरी पुतळा आहे. हा १७३७ मध्ये इथेच जन्मला. जोतीरावांनी तरुणपणी त्याचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं, हे बाबांनी भर उन्हात गंज पेठेतल्या फुलेवाड्यात उभं करून आम्हाला ऐकवलं होतं. पुतळ्याच्या हातात तेच पुस्तक आहे, पण उलटं! फोटो पाठवतेय. बाबांनी तक्रारीचं पत्र लिहायला बसू नये, पुतळा १९६४ पासून तसाच आहे.

आता पार्किंगचं ऐक, म्हणजे सोसायटीच्या वॉचमनवरचा तुझा राग निवेल. इथे आमच्या गावात बाजाराला गेलो. यंत्राला नाणी नकोत, मोबाइलवरून भरा म्हणे. भरले. फक्त मंदारने गाडीच्या नंबरात शून्याऐवजी 'ओ' दाबला. आठवड्याने घरी पत्र: दंड १०० पौंड, १४ दिवसांत भरलात तर ६०! सोबत गाडीचा फोटो, छान आलाय. पैसे मिळाले हे त्यांना मान्य आहे, पण ते म्हणे आमच्या गाडीचे नव्हेतच, कुणा 'ओ'वाल्या गाडीचे. रुपयांत हिशेब करू नकोस, बाबांचं बीपी वाढेल. मंदारने तीन पानी अपील खरडलंय. जावई सासऱ्यावर गेलाय.

पार्सल मिळालं. मेतकुटाची पुडी फुटून तू पाठवलेल्या दुलईत सांडलं. दुलई मी मुद्दामच धुतलेली नाही, मंदार कुरकुरतोय.

झाली तिसरी शिट्टी. त्या पोहेवाल्या मुलीच्या घरून काही कळलं तर लगेच फोन कर. इथे रात्रीचे दोन वाजले असले तरी चालेल.

तुझी,
चिमी