सहामाही आजोबा आणि ‘अप’

अमेरिकेतील मराठी कुटुंबांत दर उन्हाळ्यात जो एक वर्ग अवतरतो, त्यास ‘सहामाही आजोबा’ म्हणणे शास्त्रशुद्ध ठरेल. कारण पर्यटक व्हिसावर आलेल्या पाहुण्यास तेथे एका वेळी साधारणतः सहा महिनेच राहू दिले जाते, आणि न्यू जर्सीतील एडिसन येथे ओक ट्री रोडवरची भारतीय दुकाने पहिल्याच पंधरवड्यात पाहून संपल्यावर उरलेला काळ ही मंडळी इंग्रजी भाषेच्या तपासणीत घालवितात.

या तपासणीतील पहिला आरोपी ‘अप’ हा दोन अक्षरी शब्द होय. मुंबई-पुणे पासावर हयात काढलेल्या गृहस्थांस त्याचा एकच अर्थ ठाऊक असतो: मध्य रेल्वेच्या परिभाषेत मुंबईकडे येणारी गाडी ती अप व मुंबईपासून दूर जाणारी ती डाऊन. अमेरिकेत मात्र सून अंडे ‘सनी साइड अप’ करते, म्हणजे बलक वर राहील असे न उलटता तळते. मुलगा फोन ‘हँग अप’ करतो, म्हणजे बंद करतो, कारण जुन्या भिंतीवरच्या फोनचा कानाशी धरावयाचा भाग बोलणे संपताच आकड्यास टांगीत असत. आणि नातू ‘थ्रो अप’ करतो, म्हणजे ओकतो, तेव्हा ते सारे न चुकता खाली, बहुधा आजोबांच्या पायांवरच, पडते. हे सर्व अर्थ अनुक्रमांक घालून वहीत टिपले जातात आणि इंग्रजीस शिस्त नाही, असा निष्कर्ष त्याखाली दुहेरी रेघ मारून नोंदविला जातो. परंतु 1930 साली सुरू झालेली डेक्कन क्वीन पुण्याहून ‘अप’ निघते आणि बोरघाट चक्क उतरते, ही विसंगती त्यांस आयुष्यात कधी खटकलेली नसते.

या संशोधनास खीळ बसते ती रविवारच्या मराठी शाळेत जाणाऱ्या नातीमुळे. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकालही लागतो, मग आजोबांना काल गाडी लागली म्हणजे त्यांना नेमके काय झाले, असे ती विचारते. त्यावर, बाळ, संदर्भ पाहिला की अर्थ आपोआप लागतो, असे आजोबा अधिकारवाणीने सांगतात, आणि नात आपल्या वहीत पुढचा अनुक्रमांक घालते.