प्रिंटरचे मानकरी

नव्या ऑफिसात रुजू झालेल्या माणसाने साहेबांचा स्वभाव, कँटीनचा चहा, परतीच्या एसटीची वेळ या चौकश्या सावकाश कराव्यात. आधी एकच विचारून घ्यावं : प्रिंटर कुणाच्या मशीनला लावलाय? ज्याच्या मशीनला लावलाय त्याला पहिल्याच दिवशी वाकून नमस्कार करावा. रजेचा अर्ज, पगाराचा दाखला, प्रवासभत्त्याचं बिल, सगळं पुढे त्याच्याच टेबलावरून बाहेर पडणार असतं. पालखीला जसे मानकरी असतात तसे ऑफिसच्या प्रिंटरलाही असतात. हा मान सेवाज्येष्ठतेने मिळत नाही आणि हुद्द्यानेही मिळत नाही. प्रिंटर खोक्यातून काढला त्या दिवशी ज्याच्या टेबलाचा कोपरा रिकामा होता, त्याच्याकडे तो कायमचा जातो.

आमच्या तालुक्याच्या गावच्या निमसरकारी कचेरीतल्या मानकऱ्यांना आपण भाऊसाहेब म्हणू. कुठल्याही कचेरीत ‘भाऊसाहेब’ अशी हाक मारली की चार माना वळतात, तेव्हा कुणी अंगावर ओढून घ्यायचं कारण नाही.

भाऊसाहेबांनी नोकरीला सुरुवात केली ती डॉट मॅट्रिक्सच्या काळात. एकशेबत्तीस कॉलमचा रुंद कागद, दोन्ही कडांना भोकं, आणि पगारपत्रक निघायला लागलं की पलीकडच्या सेक्शनमधल्या माणसाला फोन कानाला लावून बाहेर व्हरांड्यात जावं लागे. पुढे लेझर आला. एचपीचा तो छोटासा १०२०, जो एके काळी डॉक्टर, वकील, सीए, पतसंस्था, जिथे जाल तिथे दिसायचा. बारा-ए नंबरचं टोनर, मागे वायरीसाठी यूएसबीचं एकुलतं एक भोक. भाऊसाहेबांच्या सत्तेचा उगम त्या भोकात होता. यूएसबीची वायर एका वेळी एकाच कॉम्प्युटरला लागते आणि तो कॉम्प्युटर भाऊसाहेबांचा होता. बाकीच्यांना मिळालं ते ‘शेअरिंग’. म्हणजे आपण आपल्या जागेवरून कमांड द्यायची, पान लॅनमधून भाऊसाहेबांच्या मशीनवर जायचं आणि तिथून त्यांच्या मशीनच्या कृपेने प्रिंटरवर. त्यांचं मशीन चालू तर ऑफिस चालू. ते दीड वाजता डबा खायला उठत तेव्हा वीजबचतीचं परिपत्रक स्मरून मशीन बंद करूनच उठत. ते किरकोळ रजेवर गेले की ऑफिसचा पत्रव्यवहारही किरकोळ रजेवर जाई.

रोज संध्याकाळी प्रिंटरवर फुलाफुलांचं कापड घातलं जायचं. खंडेनवमीला हळदकुंकू आणि झेंडू व्हायचा. एका वर्षी त्यातल्या पाकळ्या कागदाबरोबर आत ओढल्या गेल्या आणि दसरा उलटून गेला तरी पेपर जॅम निघेना. ‘तुमच्यापैकीच कुणीतरी स्टेपल केलेला कागद घातला असणार,’ एवढंच भाऊसाहेब म्हणाले. आतून शेवटी जे पिवळं निघालं ते त्यांनी मुठीत झाकून खिडकीबाहेर टाकलं.

खरी मौज पान बाहेर आल्यावर. कमांड देणारा आपल्या खुर्चीतून उठून येईपर्यंत भाऊसाहेबांनी ते वाचलेलं असे. कुणाची बदली होणार, कुणाचं घरकर्ज कुठल्या बँकेने परत पाठवलं, कुणाच्या मुलीचा बायोडेटा या आठवड्यात किती ठिकाणी गेला, हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. वाचलेलं लपवायचा आव ते आणत नसत, हे मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ‘मॅडम, “विनंती”तला “वि” ऱ्हस्व. मी ते पान रद्द केलंय, नीट करून परत कमांड द्या.’ आमच्या कचेरीतून बाहेर पडलेली पत्रं तेवढा काळ शुद्धलेखनाच्या दृष्टीने निर्दोष होती. आज नाहीत.

या राज्याला पहिला धक्का बसला तो २०२१ साली, आणि तोही थेट अमेरिकेतून. विंडोजमध्ये छपाईची रांग सांभाळणारा ‘प्रिंट स्पूलर’ नावाचा जो भाग असतो, त्यात त्या वर्षी मोठं भगदाड सापडलं. जगभर ते ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने गाजलं. ते बुजवायला मायक्रोसॉफ्टने एकामागून एक अपडेट सोडले आणि सप्टेंबरमधल्या अपडेटनंतर कित्येक ऑफिसांत शेअरिंगवरचे प्रिंटर मिळेनासे झाले. पडद्यावर नुसतं ‘०x०००००११b’. भाऊसाहेबांच्या मशीनवरून प्रिंट झकास निघे, इतरांच्या मशीनवर हा आकडा. लोकांना वाटलं भाऊसाहेबांनीच काहीतरी केलंय. भाऊसाहेबांनीही तो समज घाईने दूर केला नाही. एक आठवडाभर सगळं ऑफिस पेनड्राइव्ह घेऊन त्यांच्या टेबलासमोर ताटकळत उभं होतं, आणि माझ्या मते त्यांच्या सेवाकाळातला तो सुवर्णकाळ होता. साहेब स्वतः पेनड्राइव्ह घेऊन आले त्या दिवशी मात्र फाईल हलली. नवा प्रिंटर घ्यायचा. लॅनवाला.

लॅन आणि प्रिंटर यांचं नातं तसं जुनंच. १९७३ साली कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पार्क या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली, तेव्हा तिथल्या संगणकांना एकमेकांशी बोलता यावं आणि नव्या लेझर प्रिंटरवर पानं पाठवता यावीत, हीच गरज समोर होती. म्हणजे वायर आधी आली आणि प्रिंटर नंतर चिकटवला असं नाही; प्रिंटरसाठीच वायर निघाली. आमच्या तालुक्याला ही गोष्ट कळायला पन्नास वर्षं लागली इतकंच.

प्रिंटर जेम पोर्टलवरून आला, डेडस्टॉक रजिस्टरला चढला, आणि तो लावायला हार्डवेअरवाला पोरगा आला. पाठीला सॅक, कानाला फोन. भाऊसाहेबांना त्याने पहिल्याच वाक्यात ‘काका’ म्हटलं. तिथूनच बिनसलं.

पोरगा कामाला मात्र वस्ताद. केबलचं वरचं साल त्याने गोल फिरवून सोललं, आतल्या पिळलेल्या चार जोड्या उलगडल्या, आठही तारा दोन बोटांत दाबून सरळ केल्या आणि ओठातल्या ओठात रंग म्हणत ओळीने लावल्या : नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हिरवीच्या जोडीत मध्येच निळीची जोडी घुसवलेली असते, नवशिका चुकतो तो तिथेच. मग टोकं एका कापात बरोबर केली, कनेक्टरमध्ये सारली, उजेडाकडे धरून समोरून पाहिलं. आठ तांबडे ठिपके. क्रिंपिंग टूल दाबलं, कट्. भाऊसाहेब हे सगळं चष्म्यावरून पाहत होते. टेस्टरवर दिवे एकेक करून लागत गेले आणि चौथा लागलाच नाही.

‘गेलं वाया,’ भाऊसाहेब म्हणाले.

‘चालतंय काका. या प्रिंटरचं पोर्ट शंभर एमबीपीएसचं आहे. एक, दोन, तीन आणि सहा लागली की बास. बाकीच्या चार काहीच करत नाहीत.’

‘आठ जणांत चार काम करणार आणि चार नुसतेच उभे?’

‘हो.’

भाऊसाहेबांनी एकदा आस्थापना विभागाकडे नजर टाकली आणि ते काहीच बोलले नाहीत. पोरग्याने तरी ते टोक कापून परत बनवलं. चालतंय म्हणूनही पुन्हा करणारा माणूस मला आवडतो.

प्रिंटरचं बटण दाबून धरल्यावर त्याने स्वतःची माहिती सांगणारं एक पान बाहेर टाकलं. त्यावर पत्ता होता १६९.२५४ ने सुरू होणारा. पोरग्याने कपाळाला हात लावला. राउटरकडून पत्ता मिळाला नाही की यंत्र स्वतःच स्वतःला असला पत्ता देऊन टाकतं. तो कुणाच्या कामाचा नसतो. शोधाशोध झाली तेव्हा रेकॉर्ड रूममधल्या छोट्या स्विचमधून मुख्य स्विचकडे जाणारी वायरच निघालेली सापडली. शिपाई मामांनी झाडताना काढली होती. ‘लोंबत होती, म्हणून गुंडाळून ठेवली,’ मामा म्हणाले. गुंडाळी खरोखर सुबक होती, वर सुतळीसुद्धा बांधली होती.

मग पोरग्याने प्रिंटरला कायमचा पत्ता द्यायचं ठरवलं. राउटरवर सोडलं तर तो आज एक पत्ता देणार, उद्या वीज जाऊन आली की कदाचित दुसरा, आणि सगळे कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर पानं पाठवत बसणार. हे बरोबरच होतं. पण त्याने बेधडक १९२.१६८.१.५० दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठ्याच्या मशीनची नोंद सर्व्हरला जाईना. पन्नास नंबरवर आधीपासून हजेरीचं मशीन बसलेलं होतं. एका पत्त्यावर दोघे आले की पान कधी इकडे जातं, कधी कुठेच जात नाही. अकरा वाजता येणाऱ्यांनी हा बिघाड फार समजूतदारपणे घेतला. ‘कशाला त्या पोराला लगेच बोलवताय, सावकाश येऊ दे,’ असं तीन सेक्शनांतून एकमताने ऐकू आलं. भाऊसाहेब सगळ्यांना सांगत होते, ‘माझा प्रिंटर असताना कधी कुणाचा अंगठा अडला होता का?’ यात तथ्य होतं. यूएसबीला पत्ता लागत नाही.

पोरगा आला, राउटर आपण होऊन वाटत नाही असा दोनशे नंबर त्याने प्रिंटरला दिला आणि प्रत्येक मशीनवर जाऊन पोर्ट हाताने जोडलं. विंडोजने आपल्या मनाने धरलेलं डब्ल्यूएसडी पोर्ट ठेवलं असतं तर चार दिवसांनी प्रिंटर चालू असून ‘ऑफलाइन’ दिसला असता. त्याने ते काढून टीसीपी-आयपी केलं. प्रत्येक मशीनवरून टेस्ट पेज निघालं. लोक एकमेकांना टेस्ट पेज दाखवत होते. भाऊसाहेबांच्या मशीनवरूनही निघालं, इतरांच्यासारखंच, त्याच रांगेतून. एका ओळीचंही प्राधान्य नाही. ते पान त्यांनी घडी करून खिशात ठेवलं. फुलाफुलांचं कापड त्यांनी घरी नेलं.

लोकशाहीचे पहिले दिवस घालतात तसा गोंधळ घातला गेला. पलीकडच्या मॅडम प्रिंट द्यायच्या, पडद्यावर नाव विचारणारी चौकट यायची, त्या पत्राला छान नाव द्यायच्या आणि प्रिंटरपाशी जाऊन उभ्या राहायच्या. त्यांचा डिफॉल्ट प्रिंटर ‘प्रिंट टू पीडीएफ’ झाला होता. कागद संपला की प्रत्येक जण चार-पाच वेळा कमांड द्यायचा, आणि रिम भरताक्षणी एकाच स्मरणपत्राच्या प्रती रिम संपेपर्यंत येत राहायच्या. पगाराच्या स्लिपा आता व्हरांड्याच्या कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये उघड्यावर पडू लागल्या. आधी एकटे भाऊसाहेब वाचत होते, आता चहावालाही वाचायला लागला.

भाऊसाहेब हे सगळं आपल्या रिकाम्या टेबलावरून पाहत होते. महिनाभर एक शब्द नाही. आणि मग एके दिवशी प्रिंटर नारिंगी दिवा मिचकावत थांबला. कागद भरलेला, टोनर भरलेलं, वायर जागेवर, पत्ता बरोबर. साहेबांचं पत्र अडकलेलं, जिल्ह्याला तातडीने पाठवायचं. पोरग्याचा फोन लागेना. कुणीतरी प्रिंटर बंद करून चालू केला, कुणीतरी सगळ्या ऑफिसची मशीनं. दिवा तसाच.

भाऊसाहेब उठले. सावकाश आले. प्रिंटरवरचं एक बटण एकदाच दाबलं. पान बाहेर.

बटण कुठलं ते त्यांनी अंगाआड झाकलं होतं. कारणही त्यांनी सांगितलं नाही, पण मला ठाऊक आहे. आमच्या कचेरीतलं प्रत्येक पत्र हे जुन्या कुठल्यातरी पत्रावर नवा मजकूर चढवून तयार होतं, आणि त्या सगळ्या पत्रांचा मूळपुरुष भाऊसाहेबांनीच टाइप केलेला आहे, ‘लेटर’ मापाच्या पानावर. साडेआठ इंच बाय अकरा, अमेरिकेतलं माप. ट्रेमध्ये असतो ए-फोर. लेटर मागितला आणि ए-फोर दिसला की प्रिंटर अडून बसतो, ‘चालेल’ असं कुणीतरी बटण दाबून सांगेपर्यंत. जुना प्रिंटर त्यांच्या हाताखालचा, तो कधी विचारत नसे. मूळ फाईलमध्ये एकदा माप बदललं की काम भागतं. ते भाऊसाहेबांना माहीत आहे का, हे मी त्यांना विचारलेलं नाही. माहीत असावं.

आता दिवसातून दोन-तीनदा त्यांच्या नावाने हाक येते. ‘भाऊसाहेब, जरा बघता का?’ ते आधी हातातली ओळ पूर्ण करतात, चष्मा पुसतात, मग उठतात. रिमच्या कपाटाची किल्लीही हळूहळू त्यांच्याकडे आली. ‘किती पानांचं आहे?’ विचारून ते मोजून कागद देतात, आणि कशाचं आहे ते विचारायला विसरत नाहीत. हार्डवेअरवाला पोरगाही आता ‘काका’ऐवजी ‘सर’ म्हणतो, कारण त्याच्या बिलावर ‘काम समाधानकारक’ असा शेरा त्यांनीच मारायचा असतो.

जुन्या १०२०चं निर्लेखन व्हायचंय. समिती नेमली आहे, बैठक होत नाही, आणि समितीचे सदस्य-सचिव कोण ते सांगायला नको.

गेल्या आठवड्यात ऑफिसला स्कॅनर मंजूर झाला. साहेबांनी पोरग्याला फोन करून विचारलं, लॅनवर बसेल ना? तो म्हणाला, मंजूर झालेल्या मॉडेलला लॅन नाही, नुसती यूएसबी आहे, एका मशीनलाच लावावा लागेल. फोन स्पीकरवर होता.

‘वायर केवढी येते रे त्याच्याबरोबर?’ भाऊसाहेबांनी आपल्या जागेवरूनच विचारलं.

‘दीड मीटर, सर.’

भाऊसाहेबांनी टेबलाचा रिकामा कोपरा आणि कॉम्प्युटरची पाठ यांच्यामध्ये वीत टाकून पाहिली.

‘पुरे.’