यशस्वीपणे काहीही न करणे

डिस्क अर्धी रिकामी, आणि सर्व्हर म्हणतो नवीन फोल्डर करता येणार नाही. आमच्या हेड अकाउंटंट काकांनी माझ्यावर सरळ अफरातफरीचा संशय घेतला.

कारण साधं होतं. ईएक्सटी३ या फाइल सिस्टिममध्ये एका फोल्डरात सुमारे ३२,००० उपफोल्डर मावतात, आणि काकांची शिस्त अशी की दर बिलाला स्वतंत्र फोल्डर. "म्हणजे धंदा वाढला हा गुन्हा झाला का रे?" काका म्हणाले.

ईएक्सटी३ची ईएक्सटी४ जागच्या जागी करता येते. पण आधीच्या फायली जुन्याच पद्धतीने मांडलेल्या राहतात, आणि असला अर्धवट कारभार मला झेपत नाही. मी एक्सएफएस निवडली. रेड हॅटने २०१४ साली आपल्या लिनक्सच्या सातव्या आवृत्तीत हिलाच मूळ निवड केलं. ही जन्मली एसजीआय कंपनीच्या आयरिक्स या युनिक्सवर, १९९४ साली. ईएक्सटी३ लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आली २००१ साली. म्हणजे माझी 'नवी' फाइल सिस्टिम जुनीपेक्षा सात वर्षांनी थोरली. साहेबांना हे सांगितलं नाही, कारण मंजुरी 'नवीन'वर मिळाली होती. एक्सएफएस वाढवता येते, लहान करता येत नाही, हे मात्र आवर्जून सांगितलं. कपातीला दाद न देणारी आमच्या ऑफिसातली ती एकमेव वस्तू.

"आणि मध्येच वीज गेली तर?" काकांचा प्रश्न.

"काका, ती आधी रोजकीर्द लिहिते, मग खतावणी. वीज गेलीच, तर परत आल्यावर रोजकीर्द वाचून राहिलेल्या नोंदी पुऱ्या करते." रोजकीर्द फायलींच्या नोंदींची असते, आतल्या मजकुराची नव्हे, हे वाक्य मी जरा हळू म्हटलं.

"मग ऑडिट कोण करतं?"

इथे माझी पंचाईत झाली. सर्व्हर सुरू होताना तपासणीसाठी बोलावतात तो एफएससीके-डॉट-एक्सएफएस नावाचा प्रोग्रॅम. त्याच्या माहितीपानावर त्याचं काम असं दिलंय: काहीही न करणे, यशस्वीपणे. खरी दुरुस्ती करणारा गडी वेगळा. काही न करणारे आमच्याकडे बरेच आहेत. पण ते यशस्वीपणे करून वर लेखी कबूल करणारा मी हा पहिलाच पाहिला.

ईएक्सटी३वरून एक्सएफएसवर जायला सरळ वाट नाही. सगळं बाहेर काढा, डिस्क नव्याने आखा, सगळं परत भरा. शनिवारी संध्याकाळी फायलींची नक्कल करणारं आरसिंक लावलं. हिशेबाच्या डिस्कमधून बिलांच्या जोडीला तीन लग्नांचे अल्बम, कोणाच्या तरी मुलीचा दहावीचा प्रकल्प आणि 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल हेच' अशा फायली निघाल्या. आखणीचा हुकूम दिला, तर यंत्राने आधी बजावलं की इथे ईएक्सटी३ नांदते आहे, तरीही पुढे जायचं तर जबरदस्तीचा पर्याय द्या. माणसंसुद्धा इतकं विचारत नाहीत. दिला. आखणी काही सेकंदांत झाली, भरणी रविवारभर चालली.

सोमवारी कोणाच्या काही लक्षातही आलं नाही. काकांनी नवीन बिलाचा फोल्डर केला, तो झाला, आणि ते चहाला गेले.

तुम्हाला हे करायचंच असेल, तर नवी आखणी झाल्यावर फाइल सिस्टिमचा ओळखक्रमांकही बदलतो, एवढं ध्यानात ठेवा. सुरू होताना काय जोडायचं याची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये जुना क्रमांक असेल तर तो बदला, आणि मगच सर्व्हर रीस्टार्ट करा.