पापडांची वहिवाट

(स्थळ : काशी. पंचगंगा घाटाच्या उंच पायऱ्या चढून, ज्या आलमगिरी मशिदीला सारा मोहल्ला आजही ‘धरहरा’ म्हणतो तिला वळसा घालून मंगळागौरीच्या देवळाकडे जाणाऱ्या चिंचोळ्या गल्लीतील एक दगडी महाराष्ट्रीय घर. काळ : स्वराज्यानंतरचे पहिले दशक, ज्येष्ठ अखेरचा मंगळवार, दुपारची जेवणे आटोपलेली. माजघरात दोन पत्र्याच्या पेट्यांवर साडेपाच फूट लांबीची एक सागवानी फळी आडवी टाकली असून तिच्यावर उडदाचे पापड वाळत आहेत. गृहस्थ दिवाणी कचेरीतील पेशकारीवरून नुकतेच निवृत्त झालेले. गृहिणी भिंतीला टेकून काचमणी ओवीत आहे.)

गृहस्थ : अगं, ज्या फळीवर तू हे पापड पसरले आहेस ती फळी म्हणजे आपल्या नियोजित झोपाळ्याचा पाट होय, ही गोष्ट मी तुझ्या निदर्शनास आणून देत आहे, आणि ती आणून दिल्याची साक्षीदार म्हणून धाकटीला नमूद करीत आहे.

गृहिणी : धाकटी शाळेत गेली आहे. आणि झोपाळा कुठे आहे म्हणालात?

गृहस्थ : व्हावयाचा आहे. परंतु तो व्हावयाचा असणे आणि नसणे यांत कायद्याच्या दृष्टीने पुष्कळ अंतर आहे. धाकटी पाळण्यात मावेनाशी झाली त्या वर्षी, श्रावणातल्या पहिल्या मंगळवारी, हा पाट मी रंधून, कड काढून, येथे दोन पेट्यांवर ठेवला, आणि मी हातपाय धुऊन परत येतो न येतो तोच त्यावर तुझे पापड पसरलेले होते. त्या गोष्टीला येत्या श्रावणात बारा वर्षे पुरी होतील. काय समजलीस?

गृहिणी : समजले. धाकटीला तेरावे लागेल.

गृहस्थ : ते तर लागेलच; पण १९०८ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या मिळकतीवर जो इसम बारा वर्षे उघडपणे, अखंड आणि मालकाच्या हक्काला न जुमानता वहिवाट ठेवतो, त्याला हुसकून लावण्याचा मालकाचा दावा मुदतबाह्य होतो. म्हणजे श्रावणाच्या त्या मंगळवारी सूर्य मावळला की ही फळी तुझ्या पापडांच्या मालकीची झाली. तू म्हणशील की तो कायदा स्थावराचा, आणि फळी जंगम. पण जी वस्तू अकरा वर्षे दहा महिने जागची तसूभर हललेली नाही, तिला जंगम म्हणण्याचे धाडस कोणता मुन्सफ करील?

गृहिणी : अहो, मी काहीच म्हणत नाही. उडदाचा पापड उन्हात टाकला तर तडकतो, त्याला सावली लागते, आणि सावलीतली सपाट जागा या घरात एवढीच. एवढी अकरा वर्षे तुम्ही काय करीत होतात?

गृहस्थ : काय करीत होतो! ठठेरी बाजारात तीन खेपा घालून पितळेच्या चार कड्या ओतवून आणल्या त्या कोणी? खोजव्याला जाऊन, लाकडी खेळणी खरादणाऱ्या कारागिराकडून पाटाच्या चार कोपऱ्यांना लाखेचे लट्टू करून घेतले ते कोणी? आता तुळईला भोके पाडून आकडे बसवावयाचे, एवढाच किरकोळ भाग शिल्लक राहिला, तोच टांकसाळीच्या प्रिन्सेपसाहेबाने ज्यांची एके काळी डागडुजी केली होती त्या धरहऱ्याच्या मनोऱ्यांपैकी एक १९४८ साली कोसळला. आपल्या खिडकीतून जो मनोरा जन्मभर दिसत आला तो एके दिवशी दिसेनासा झाल्यावर, स्वतःच्या घराच्या तुळईत गिरमीट घालावे असे कोणत्या समंजस कुटुंबप्रमुखास वाटेल?

गृहिणी : त्याला वर्षे किती झाली?

गृहस्थ : मनातली भीती काही वर्षे मोजीत नाही. शिवाय घाईने केलेल्या कामाची गत पाहावयाची असेल तर येथून मणिकर्णिकेच्या वाटेवर शिंदे घाट आहे, तो पाहा. १८३० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या बायजाबाईसाहेबांनी असा भरभक्कम घाट बांधविला की तो आपल्याच भाराने नदीत खचला, आणि तेथले रत्नेश्वराचे देऊळ आजतागायत कललेले उभे आहे. उलट अहिल्याबाईंचे विश्वेश्वराचे देऊळ १७८० चे. त्याच्या शिखरावर रणजितसिंहाचे सोने चढले ते अर्ध्या शतकानंतर. तोवर कोणी अहिल्याबाईंकडे तगादा लावल्याचे माझ्या वाचनात नाही.

गृहिणी : विश्वेश्वराची पूजा सोन्यावाचून अडली नव्हती. तुमच्या झोपाळ्यावर बसायचे कसे ते सांगा. आणि अर्ध्या शतकाची मुदत मागता, तर या गल्लीत सूर्यनारायण काय करून गेले तेही बघा. मंगळागौरीच्या देवळात मयूखादित्य आहे ना? देवीची आणि गभस्तीश्वराची स्थापना करून सूर्याने तेथे तप केले म्हणतात. ज्याला बारा महिन्यांत एक दिवसाची रजा नाही, ज्याची उगवण्याची आणि मावळण्याची हजेरी सारे जग घेते, त्याला नोकरी सांभाळून तप पुरे करता आले. तुम्हाला तर कचेरीच्या उन्हाळी सुट्या होत्या.

गृहस्थ : सूर्याला घरी येऊन दळण आणावयाचे नसते.

गृहिणी : बरे, सूर्य राहू द्या. नाथमहाराज तर आपले पैठणचे. भागवताचे पाच अध्याय तिकडे लिहिले आणि पुढचे सव्वीस या काशीत बसून, शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेला ग्रंथ पुरा केला.

गृहस्थ : हा दाखला माझ्या बाजूचा आहे! पैठणास, म्हणजे स्वतःच्या घरी असताना, अध्याय किती झाले? पाच. काशीत मठात उतरल्यावर किती झाले? सव्वीस. मठात पापड वाळत नाहीत, मठात कोणी ‘अहो, जरा उठता का’ असे म्हणत नाही. मलाही एखाद्या मठात सहा महिने ठेव, आणि झोपाळाच काय, रथ करून दाखवितो.

गृहिणी : (मणी ओवीत) अहो, जरा उठता का? कोपऱ्यातली ती कडी घ्या आणि चौकात डोकावून या. माकडे आली वाटते.

गृहस्थ : (उठून, जाऊन, येऊन) दोन होती, पळाली. पण ही कडी! ही माझ्या झोपाळ्याची कडी आहे! अस्सल पितळेची, वर कमळ, खाली गोंडा!

गृहिणी : तिचा आवाज चांगला होतो. दगडावर आपटली की माकड पुन्हा महिनाभर फिरकत नाही.

गृहस्थ : आणि उरलेल्या तीन?

गृहिणी : दोन मच्छरदाणीला लावल्या आहेत. एकीवर तुळशीचा वेळू कलला होता तो बांधला आहे. लट्टूंपैकी एक कोठीच्या दाराची मूठ झाला, एक धाकटीचा भोवरा. दोन आहेत तुमच्याजवळ. तुम्हीच दप्तरावर वजन म्हणून ठेवता.

गृहस्थ : आणि गिरमीट?

गृहिणी : नारळाला भोक पाडायला.

गृहस्थ : म्हणजे माझा झोपाळा तयारच आहे, फक्त तो या घरात निरनिराळ्या खात्यांवर नेमणुकीस आहे! आता या सर्वांस परत बोलावावयाचे तर आधी मच्छरदाणी पडणार, तुळस कलणार, कोठी उघडता येणार नाही, माकडे निर्भय होणार. एखाद्या जुन्या संस्थानाचा कारभार चाळवावा तसे हे आहे. बरे, माझे राहू दे. तुझ्या त्या तोरणाचे काय? तुझी पहिली मंगळागौर पुजली त्या श्रावणात तू ते धरलेस. पाच वर्षांनी उद्यापन करून ते देवीच्या दारावर चढवावयाचे होते. उद्यापन झाले, सवाष्णी जेवून गेल्या, तोरण मात्र तहकूब. आज त्याला अठ्ठावीस वर्षे झाली! माझ्या फळीपेक्षा सोळा वर्षांनी ज्येष्ठ!

गृहिणी : मोठी पोटात होती तेव्हा मोराची मान झाली. दिराची मुंज आली, थांबले. पिसारा होत आला तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मग दालमंडीत त्या जातीचा हिरवा मणी मिळेनासा झाला. म्हणून एका पोपटाचे पंख गवतासारखे आणि दुसऱ्याचे शेवाळासारखे आहेत. आता मोठीचे पाचवे वर्ष. ग्वाल्हेरहून ती श्रावणात उद्यापनाला इथेच येते आहे. तिच्या हाताने लावायचे.

गृहस्थ : म्हणजे एकीच्या उद्यापनाचे तोरण दुसरीच्या उद्यापनाला. याला वारसाहक्काने आलेली थकबाकी म्हणतात. असो. तर मी काय म्हणत होतो, की श्रावणापूर्वी वहिवाट खंडित झाली पाहिजे. झोपाळा पुरा करणे हा एक मार्ग. पण त्यात वर सांगितलेली राज्यक्रांती आहे. दुसरा मार्ग सोपा आहे. हा कागद. यावर लिही की ‘सदरहू फळीवर माझे पापड मालकाच्या परवानगीने वाळत असून फळीवर माझा कोणताही हक्क नाही.’ परवानगीची वहिवाट बारा काय, बाराशे वर्षे चालली तरी तिची मालकी होत नाही.

गृहिणी : परवानगी तुम्ही कधी दिलीत? तेव्हा तर तुम्ही आठ दिवस रुसला होतात.

गृहस्थ : म्हणूनच लिहून घेतो आहे.

गृहिणी : खोटे मी लिहीत नाही, आणि मंगळवारी तर नाहीच. अहो, परवानगी कसली? अकरा वर्षे दरसाल दोन शेर पापड तुमच्या पानात पडले. भाजलेला एक आणि तळलेला एक. वर ‘आणखी एक आहे का’ असे विचारता, तो तिसरा.

गृहस्थ : (एकदम थांबून) काय म्हणालीस?

गृहिणी : तिसरा पापड.

गृहस्थ : नाही, त्याच्या आधी. दरसाल, दोन शेर, मला! अगं, हे तर भाडे झाले! मालाच्या रूपाने का होईना, दर हंगामाला, मालकाने निमूटपणे स्वीकारलेले! म्हणजे तू अतिक्रमण करणारी नव्हेस, तू भाडेकरू आहेस. आणि भाडे देऊन बसलेल्या माणसाची वहिवाट मालकाविरुद्ध कधीच पिकत नाही, हे तर उमेदवार कारकूनही सांगेल. कबूलायत तोंडी, पुरावा पोटात! अकरा वर्षे मी उगाच झोप घालविली. मुदतीचा प्रश्नच उरला नाही. श्रावण आला काय, पुढचे तप गेले काय, फळी माझी ती माझीच!

गृहिणी : म्हणजे झोपाळा आता करायलाच नको.

गृहस्थ : नको असे नव्हे. घाई नको. जी गोष्ट कायद्याने सुरक्षित झाली ती सावकाश, सवडीने, चार चांगले नमुने पाहून करता येते. मी तर म्हणतो, नव्या कड्या ओतवाव्यात. त्या जुन्यांना आता त्यांच्या जागेवरून काढणे म्हणजे—

गृहिणी : झाले.

गृहस्थ : हो, तसे म्हटले तर प्रकरण निकालात निघालेच.

गृहिणी : ते नव्हे. तोरण झाले.

(गृहिणी दोरा दाताने तोडते आणि तोरण मांडीवर उलगडते. दोन पोपट, मधे मोर, खाली निळ्या नळ्यांच्या झालरी. क्षणभर दोघेही काही बोलत नाहीत. गृहस्थ चष्मा काढून पुसतात आणि पुन्हा लावतात.)

गृहस्थ : केव्हा झाले?

गृहिणी : तुम्ही बोलत होतात तेव्हा.

गृहस्थ : (तोरण हातात घेऊन) शेवाळी पंखच अधिक शोभतो, नाही का? माझ्या मते तर पहिल्यापासून तसाच हवा होता. पण हे देवीच्या दारी जाईपर्यंत पेटीत घालून ठेवू नको. श्रावणापर्यंत आपल्या दारावर असू दे. लोकांना कळू दे.

गृहिणी : दोन खिळे लागतील.

गृहस्थ : दोनच? आत्ता मारतो. (उठून दाराशी जातात. चौकटीवर हात फिरवितात; एक डोळा मिटून वर, मग खाली पाहतात; दोरीला दप्तरावरचा लट्टू बांधून ओळंबा सोडतात.) अगं, जरा इकडे ये. तुला कधी लक्षात आले होते का? ही चौकट डावीकडे चांगली बोटभर कललेली आहे. हिच्यावर तोरण लावले तर मोर उताराला लागेल. आधी ही चौकट नीट केली पाहिजे; आणि चौकट म्हटली की उंबरा आला. ती फळी जरा मोकळी करून देतेस का? तिच्यावर उभा राहून माप घेतो.