पूर्वाभिमुख अमेरिका

मका आणि सोयाबीनच्या शेतांत बुडालेल्या आयोवा राज्यात फेअरफील्ड हे सुमारे साडेनऊ हजार वस्तीचे गाव असून, ‘अस्सल अमेरिका’ पाहण्याचा संकल्प सोडून निघालेल्या मराठी प्रवाशासाठी तेथे सर्व काही यथासांग मांडून ठेवलेले आढळते. गावाच्या मधोमध ‘स्क्वेअर’, म्हणजे चारी बाजूंनी जुन्या दुकानांच्या रांगा असलेला चौक, चौकात बाग आणि बागेत बँडवाल्यांसाठी छत्री आहे. राज्याची प्रसिद्ध जत्राही प्रथम येथेच, १८५४ साली, भरली. या राज्यात माणसे सुमारे बत्तीस लाख आणि डुकरे दोन कोटींहून अधिक असल्याने खाद्यसंस्कृतीचा मुकुटमणी अर्थातच टेंडरलॉइन सँडविच हा आहे. त्यात डुकराच्या मांसाचा ठेचून, चुऱ्यात घोळवून तळलेला तुकडा पावाबाहेर चारी अंगांनी इतका पसरलेला असतो की पाव केवळ हाताला धरायला उरतो.

घोटाळा होतो तो गावाच्या उत्तरेला. तेथील पार्सन्स कॉलेज १९७३ साली दिवाळखोरीत निघाले आणि पुढच्याच वर्षी महर्षी महेश योगी यांच्या विद्यापीठाने कॅलिफोर्नियातून येऊन त्या रिकाम्या जागेत बस्तान बसवले. तेव्हापासून गावात ध्यान करणारे आणि न करणारे असे दोन वर्ण निर्माण झाले. दुसऱ्यांनी पहिल्यांना ‘गुरू’ म्हणण्यास आरंभ केला खरा, परंतु अमेरिकन जिभेला दोन अक्षरेही जड होत असावीत, कारण पुढे आद्यवर्णलोप होऊन, म्हणजे शब्दाचे पहिले अक्षर गळून, नुसते ‘रू’ शिल्लक राहिले. विद्यापीठाच्या आवारात दोन सोनेरी घुमट आहेत, पुरुषांचा निराळा आणि स्त्रियांचा निराळा, आणि त्यांत पद्मासन घालून ‘योगिक उड्डाण’ केले जाते. या विद्येच्या तीन पायऱ्या सांगतात: उडी, तरंगणे आणि उड्डाण, पैकी पाहणाऱ्यांच्या नजरेस आजवर पहिलीच पडली असून, खाली अंथरलेल्या फोमच्या गाद्या पाहता उडण्यापेक्षा उतरण्याचाच विचार अधिक बारकाईने झालेला दिसतो.

काही मैल पुढे, २००१ साली रीतसर नोंदलेले ‘महर्षी वैदिक सिटी’ हे नगर लागते. येथे स्थापत्यवेदाचे, म्हणजे पुण्यातील बिल्डरलाही घाम फोडणाऱ्या आपल्या वास्तुशास्त्राचे, राज्य आहे: घरे पूर्वाभिमुख, मध्यभागी ब्रह्मस्थान, म्हणजे मोकळी सोडलेली पवित्र जागा, आणि छपरावर सोनेरी कळस. नगरसभेने संस्कृतला आदर्श भाषा ठरवले. ‘राम’ नावाचे चलनही चालवले, एका रामाला दहा डॉलर या दराने, जो रुपयात मोजण्याचे धाडस प्रवाशाने करू नये. दक्षिणमुखी म्हणून स्वस्तात मिळालेल्या फ्लॅटचे हप्ते कोथरूडात अजून फेडत असलेल्या माणसास, सात समुद्र ओलांडून आल्यावर, मक्याच्या शेतात उभ्या असलेल्या गोऱ्या गृहस्थाकडून ईशान्य कोपऱ्याचे महत्त्व ऐकावे लागते, आणि त्याहून अवघड म्हणजे मान डोलवावी लागते.

कळस असलेल्या घराचे छायाचित्र तो भक्तिभावाने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर धाडतो, तेव्हा सांगलीच्या आत्याकडून दोन जोडलेल्या हातांसह तत्काळ उत्तर येते: “छान देवस्थान आहे. अमेरिकेला कधी पोचणार?”