खडखडाटाचे जाणकार

मोटारसायकलच्या इंजिनाबद्दल लोक जपून बोलतात, कारण ते झाकलेलं असतं. कार्ब्युरेटरबद्दल बोलायचं तर निदान तो कुठे बसवलेला असतो एवढं तरी ठाऊक असावं लागतं. चेनचं तसं नाही. ती उघड्यावर फिरते, खडखडते, पँट काळी करते. त्यामुळे तिच्याबद्दल मत द्यायला कसलीच पात्रता लागत नाही. सिग्नलला शेजारी थांबलेला अनोळखी माणूस खाली बघतो, मान हलवतो आणि म्हणतो, "साहेब, चेन लूज झालीय." तेवढ्यात हिरवा लागतो. तो निघून जातो आणि काळजी आपल्याकडे ठेवून जातो.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तेलाचे तीन पंथ नांदतात. पहिला काळ्या ऑइलवाल्यांचा. इंजिनातून काढलेलं ऑइल पाण्याच्या बाटलीत जपून ठेवायचं आणि निवृत्त टूथब्रशने चेनला चोपडायचं. फुकट ते पौष्टिक, ही त्यांची श्रद्धा. त्या ऑइलात इंजिनाचा कीस असतो, वर रस्त्याची धूळ बसते आणि दोन्ही मिळून चेन मन लावून घासत राहतात. दुसरा पंथ ग्रीसवाल्यांचा. ग्रीसचा थर चेनच्या अंगावर छान बसतो. जिथे गरज आहे तिथे, म्हणजे पिन आणि बुशच्या मध्ये, शिरायचं मात्र मनावर घेत नाही. वाळू तेवढी तत्परतेने धरून ठेवतो. तिसरा पंथ तरुणांचा, स्प्रेवाल्यांचा. हे निघायच्या घाईत फवारा मारतात आणि लगेच गाडी पळवतात. अर्धा स्प्रे रिमवर, उरलेला मागे बसणाराच्या पँटवर.

तळमजल्यावरचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं सरळ आहे. चेन रॉकेलने, मऊ ब्रशने धुवावी, पुसावी. ओरिंगची असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश लांब ठेवावा. त्या रबरी कड्यांच्या आत कारखान्यातून भरून आलेलं ग्रीस असतं, कड्या गेल्या की तेही गेलं. मग फिरून आल्यावर, चेन कोमट असताना, खालच्या बाजूच्या आतल्या अंगाला 90 नंबरचं गिअर ऑइल सोडावं. चाक हाताने फिरवावं, इंजिन बंद ठेवून. "दहा बोटं दिलीत म्हणून एखादं चेनला वाहायचं नसतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. दर 500 किलोमीटरला एकदा आणि पावसात भिजली की पुन्हा. काकांचा शब्दन् शब्द बरोबर असतो. पण एवढं ऐकून होईपर्यंत चेन गार होते.

खंडेनवमीला तर सगळे पंथ एक होतात. गाडी पाइपाने धो धो धुतात, हेडलाइटला हार, टायरला हळदकुंकू. चेनला कुंकू कोणी लावत नाही, हात काळे होतात. तिच्या वाट्याला फक्त पाणी येतं आणि दिवाळीपर्यंत ती आपणहून भगवी होते.

एक दिवस चेनसेट बदलायची वेळ येतेच. लोक म्हणतात चेन ताणली. पण पोलाद काही इतक्या सहजी ताणत नाही. पिना आणि बुश झिजतात. कडीमागे मिलिमीटरचा दहावा भाग झिजला, तरी 120 कड्यांची बेरीज 12 मिलिमीटर होते. सोसायटीच्या देखभाल खर्चाचंही असंच असतं; प्रत्येकाने थोडंच थकवलेलं असतं. मागच्या स्प्रॉकेटवर, अगदी मागच्या टोकाला, चेन बोटांनी ओढून बघावी. ती उचलली जाऊन अर्धा दाता उघडा दिसला, तर खेळ आटोपला. दाते एका बाजूला वाकडे झाले असतील, तर बघायचीही गरज नाही.

मग नाना पेठ गाठायची. काउंटरवरचा माणूस न बघता विचारतो, "ओरिजिनल देऊ का चांगलं देऊ?" या प्रश्नाला अजून कोणाला उत्तर सापडलेलं नाही. "नुसती चेन द्या, स्प्रॉकेट अजून चालतील," असं म्हणणारं गिऱ्हाईक त्याचं लाडकं. जुन्या दात्यांवर नवी चेन लवकर झिजते आणि गिऱ्हाईक तितक्याच लवकर परत येतं.

माझ्या भाच्याला मात्र सोनेरी चेन हवी होती आणि पुढचं स्प्रॉकेट एका दात्याने मोठं. "मामा, टॉप स्पीड वाढतो." हिशोब असा: पुढे 14, मागे 42 म्हणजे तीनाला एक. पुढे 15 केले की 2.8. पुढचा एक दाता वाढवला म्हणजे मागचे जवळजवळ तीन कमी केल्यासारखं. स्पीड कागदावर वाढतो. कात्रजचा घाट कागदावर नाही. तिथे तोच भाचा एक गिअर खाली टाकून चढत होता.

गॅरेजमध्ये खरी कसोटी लॉकच्या पत्तीची. मेकॅनिक दोन्ही टोकं मागच्या स्प्रॉकेटवर जुळवतो, मास्टर लिंक आत सारतो, पट्टी बसवतो आणि नखाएवढी पत्ती पकडीने सरकवतो. टक्. पत्तीचं बंद टोक चेन पळते त्या दिशेला, उघडं तोंड मागे. उलटी बसली, तर काहीतरी घासून ती निघते आणि चेन भर रस्त्यात अंग टाकते. हे एवढं महत्त्वाचं काम चालू असताना भोवती जमलेले जाणकार मायलेजवर बोलत होते.

सल्ला आला तो शेवटी: "चांगली आवळ रे, फिट्ट!" आवळलं की नीट झालं, ही आपल्याकडची जुनी समजूत. रोजच्या गाडीला खालच्या बाजूला मधोमध 20 ते 30 मिलिमीटर ढील लागते. माणूस बसला, खड्डा आला की चेन आपोआप ताणते. ढील नसेल तर ताण थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. मेकॅनिक "हो हो" म्हणाला आणि हवी तेवढी ढील ठेवून नट कसला. दुकान चालवायचं तर दोन्ही लागतं.

आता गाडी मुळीच वाजत नाही, आणि घरची घडी विस्कटली आहे. पूर्वी कोपऱ्यावरचा खडखडाट ऐकून घरात चहाचं आधण चढायचं. हल्ली मी दारात उभा राहतो तेव्हा पातेलं कोरडं असतं. "निदान कळायचं तरी," असं ऐकून घेतल्यावर मी कोपऱ्यापासून हॉर्न वाजवत येतो. काल खाली काकांनी अडवलं. म्हणाले, "हॉर्नचा आवाज बसल्यासारखा वाटतोय. बॅटरी बघ."