पाळीवर पाळी

एकाच प्रकारच्या कामावर एकाच वेळी दोन पाळ्या नकोत, असं १९४८चा कारखाना अधिनियम कलम ५८मध्ये बजावून गेला. एचआरच्या एक्सेलला हे कुणी कळवलेलं दिसत नाही. तिथे पहिली पाळी गुलाबी, दुसरी पोपटी आणि दोघी एकमेकींच्या अंगावर आल्या की त्याला ‘हँडओव्हर’ म्हणायचं.

पण खरी गंमत रात्रपाळीची. रात्री दहाला आत गेलेला माणूस सकाळी सहाला सुटतो. एक्सेल सहातून दहा वजा करतं, वेळ उणे निघते आणि चौकटभर हॅशची जाळी पसरते. रात्रभर मशीनपुढे उभा राहिलेला माणूस हिशेबात सापडतच नाही! मग कुणी जाणकार ‘मॉड’चं सूत्र घालतो, तास आठ होतात. पाळ्यांच्या आलेखात मात्र रात्रपाळीची पट्टी पुन्हा मध्यरात्रीला अडते. तिचे दोन तुकडे करून एक उद्याच्या खात्यावर टाकावा लागतो.

शिवाय प्रत्येक पट्टी आपापल्या वेळेला सुरू झालेली दिसावी म्हणून तिच्या डावीकडे एक बिनरंगी पट्टी बसवतात. ती जागा अडवते, काम काही करत नाही, कुणाला दिसतही नाही. तिला शिफ्ट इन्चार्ज म्हणायला हरकत नसावी.